कंपनी म्हणते १८, हाती येते १२! सेडानचे मायलेज नेमके जाते कुठे?

पेट्रोल सेडान घेताना ‘लिटरला १८ किमी’ सांगितले जाते. उल्हासनगर कॅम्प ४ मधून निघून कल्याण-बदलापूर रस्त्याच्या कोंडीत अडकले की हा आकडा १२ वरही येऊ शकतो. मग गाडीत बिघाड आहे का? बहुतेक वेळा नाही.

कंपनीचा आकडा कसा ठरतो?
होंडा सिटी पेट्रोल मॅन्युअलचे प्रमाणित मायलेज १७.८ किमी आहे. ही चाचणी रोलरवर, सुमारे २० मिनिटे होते. कमाल वेग ताशी ९० किमी, एसी बंद. त्यात खड्डे नाहीत, कोंडीही नाही.

रस्त्यावर काय घडते?
कोंडीत इंजिन पेट्रोल पिते, अंतर मात्र कापले जात नाही. प्रत्येक ब्रेकनंतर जड गाडीला पुन्हा वेग द्यावा लागतो. त्यात एसीचा भार. ई-२० मुळेही, सरकारच्या म्हणण्यानुसार, गाडीनुसार १ ते ६ टक्के घट होते.

खिशाला किती फटका?
महिन्याला ६०० किमी धावल्यास १८ च्या हिशेबाने ३३ लिटर लागतात, १२ च्या हिशेबाने ५०. लिटरला १०० रुपये धरले तरी १,७०० रुपये जादा.

खरे मायलेज कसे काढाल?
टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. ३००-४०० किमीनंतर त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा. किमीला भरलेल्या लिटरने भागा. असे तीनदा करून सरासरी घ्या. ती अचानक घसरली, तर आधी टायरमधील हवा आणि एअर फिल्टर तपासा; मगच गॅरेज गाठा.