स्पॅनिश, पोर्तुगीज की ‘आपली’?

स्पॅनिश ऑम्लेट, स्पॅनिश गिटार, नेटफ्लिक्सवरची स्पॅनिश सीरिज... हा शब्द आपण किती सहज वापरतो! पण स्पॅनिश म्हणजे नक्की काय? देश, माणूस की भाषा? मेक्सिकोचा माणूस स्पॅनिश बोलतो, पण तो स्पॅनिश नसतो. आणि खुद्द स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेत या भाषेचं नाव आहे, कॅस्टिलियन!

हा गोंधळ अनुभवायला माद्रिदचं तिकीट नको. अलिबागहून काशिदच्या बीचवर निघालात की रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर कोर्लई लागतं. इथला किल्ला ‘पोर्तुगीज’ म्हणून फेमस. पण १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला, तेव्हा त्यांचा राजा होता स्पेनचा दुसरा फिलिप! १५८० ते १६४० अशी साठ वर्षं दोन्ही देशांचा राजा एकच होता. म्हणून काही कोणी किल्ल्याला स्पॅनिश म्हणत नाही.

खरी गंमत गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल-कोर्लई सोडून गेले, पण घराघरांतली बोली राहिली. अभ्यासक तिला ‘कोर्लई पोर्तुगीज’ म्हणतात. अमेरिकी भाषातज्ज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याचं वळण मराठी, क्रियापद शेवटी. लिस्बनचा माणूस इथे नक्की गडबडेल.

मग बोलणारे स्वतः तिला काय म्हणतात? ‘नो लिंग’. हसू नका! पोर्तुगीजमध्ये ‘लिंग्वा’ म्हणजे जीभ, भाषा. नो लिंग म्हणजे आपली भाषा. ना राजाचं नाव, ना देशाचं.

स्पॅनिशचं टेन्शन कोणालाच नाही. जगभर जवळपास ५० कोटी लोकांची ती मातृभाषा. शिवाय क्लासेस आहेत, ॲप्स आहेत, सीव्हीवरही ती झकास दिसते. नो लिंग बोलणारे मात्र जेमतेम हजारभर. शाळेत मराठी, चर्चमध्ये मराठी, नोकरीत हिंदी-इंग्रजी. तिला उरलंय ते फक्त घर. आई मुलांशी ती बोलायची थांबली, की संपलं.

तेव्हा पुढच्या वीकएंडला किल्ल्यावर फोटो काढून झाले की गावात जरा थांबा. ‘तुम्ही पोर्तुगीज बोलता ना?’ असं विचारू नका. ‘तुमच्या भाषेला काय म्हणता?’ एवढंच विचारा.