वेडछीची शाळा आणि आमचे चार वाफे

गेल्या पावसाळ्याच्या प्रारंभी पालकांच्या सभेपुढे आम्ही एक विचार मांडला. आमच्या शाळेतील पाचवी-सहावीच्या मुलांनी अंगणामागच्या पडीक जागेत भाजीचे चार वाफे घालावेत आणि मोजमाप, त्रैराशिक, हवापाणी, जमाखर्च हे सारे त्या मातीतूनच शिकावे, असा आमचा हेतू होता. सभा क्षणभर स्तब्ध राहिली. मग मागच्या बाकावरून एक वयोवृद्ध शेतकरी उठले आणि म्हणाले, "फादर, कुदळ आमच्या घरी आहेच. ती हातातून सुटावी म्हणून तर पोराला शाळेत धाडतो."

आम्हांस तेव्हा उत्तर सुचले नाही. ते शोधता शोधता आम्ही सुरतेच्या मुलखात जाऊन पोहोचलो. गाडीने नव्हे, पुस्तकांच्या वाटेने.

सुरत म्हटले की आपल्या लोकांस जरीचे कापड, हिऱ्यांचे कारखाने आणि शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. त्या शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर वेडछी नावाचे खेडे आहे. पूर्वी ते सुरत जिल्ह्यात होते. २००७ पासून तापी जिल्ह्यात मोडते. वस्ती मुख्यतः चौधरी आदिवासींची. सावकार आणि दारूचे दुकान या दोहोंनी तेथील माणूस गांजलेला होता. १९२२ साली या भागात देवीची लाट आली. दारू सोडा, स्वच्छ राहा, असा तिचा आदेश अंगात आलेल्यांच्या मुखातून गावोगाव ऐकू येई. ही लाट उठली होती आपल्याच पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वस्त्यांतून, हे वाचून आम्हांस मोठे नवल वाटले. तिच्या मागोमाग गांधीजींचे कार्यकर्ते तेथे पोहोचले. चुनीभाई मेहता व त्यांच्या पत्नी सूरजबेन यांनी चरखा नेला आणि पुढे जुगतराम दवे तेथे येऊन राहिले. १८९२ साली जन्मलेल्या या काठेवाडी गृहस्थांनी १९८५ साली देह ठेवीपर्यंतचे आयुष्य त्या लोकांस वाहिले.

जुगतरामभाईंनी 'आत्मरचना अथवा आश्रमी केळवणी' हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या शिक्षणाचे मर्म आम्हांस समजले ते असे : शाळा म्हणजे तासांची मालिका नव्हे. पहाटे उठणे, अंगण व संडास झाडणे, दळण, स्वयंपाक, गाईगुरे, सूतकताई, प्रार्थना, हा सगळा दिवसच पाठ आहे आणि तो शिक्षक व मुले एकत्र राहूनच शिकता येतो. यातील 'एकत्र' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा; आम्ही त्याकडे पुन्हा वळणार आहोत.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने योजना आखली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांस मातृभाषेतून व एखाद्या मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षण, असे तिचे सूत्र होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यातीलच हरिपुरा येथे तापीकाठी काँग्रेसचे अधिवेशन झाले व त्यात हे सूत्र मान्य झाले. त्याच मंडपासाठी नंदलाल बोस यांनी कष्टकरी गावकऱ्यांची चित्रे रंगविली होती. हाताने काम करणारा माणूस भिंतीवर आला आणि ठरावातही आला!

समितीच्या वेळापत्रकात दिवसाचे साडेपाच तास होते. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे उद्योगास, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेस ४०, समाजशास्त्र व विज्ञानास ३०, कवायतीस १० आणि सुटीस १०. "मग मुले शिकणार केव्हा?" असे कोणी विचारील. टकळीचेच पाहा. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लट, चार लटींची एक गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तार, २५६० फूट, साडेआठशे वारांहून थोडे अधिक. एका रतलात अशा जितक्या गुंड्या, साधारण तितक्या नंबरचे सूत. सूत जाड झाले की नंबर घसरतो, हे पोराला स्वतःच्या बोटांनी कळते. मग कापूस कोठे पिकतो हा भूगोल आणि मँचेस्टरचे कापड येथे कसे आले हा इतिहास. यालाच समवाय म्हणत.

या योजनेस दोषही होता आणि तो झाकणे बरे नव्हे. मुलांनी बनविलेल्या मालावर शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची आशा. प्रा. के. टी. शहा यांनी वर्ध्याच्या परिषदेतच तिच्यावर टीका केली. शाळेचा कारखाना होईल आणि मूल मजूर बनेल, ही धास्ती आम्हांस आजही खरी वाटते. महाराष्ट्रात कित्येक शाळांच्या पाटीवर अजून 'जीवन शिक्षण मंदिर' ही अक्षरे आहेत; आत मात्र टकळी नाही. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सुचविला. त्याचे घोटीव कागदांच्या फुलांत काय झाले, हे गुण देणाऱ्या व घेणाऱ्या दोघांसही ठाऊक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ घालविण्याची सूचना आहे. कोठे रोजचे तीन तास वीस मिनिटे आणि कोठे दहा दिवस! तरी नसण्यापेक्षा बरे.

आता त्या 'एकत्र'कडे येतो. महादेवभाई देसाईंचे पुत्र नारायणभाई लग्नानंतर पत्नी उत्तराबेन यांच्यासह वेडछीलाच नई तालीमच्या शाळेत शिक्षक होऊन राहिले. शिकलेली माणसे आदिवासी मुलांबरोबर झाडू धरीत, म्हणून तो झाडू हलका झाला. ज्या मुलखात हाळी बापजाद्यांच्या कर्जापायी जमीनदाराच्या शेतात राबत, तेथे खुर्चीतून हुकूम सोडून मुलांस कामास लावले असते, तर ती निव्वळ वेठ ठरली असती. कुदळ तीच, पण ती कोणाच्या हाती आहे आणि शेजारी कोण उभा आहे, यावर सारे अवलंबून असते. आमच्या वृद्ध शेतकऱ्यांचा आक्षेप कुदळीस नव्हताच.

आमची चूक येथेच झाली. सभेनंतर आम्ही वाफे घातले खरे. वांगी, मिरची, भेंडी लावली. मुलांनी दोरीने लांबी-रुंदी मोजली, रोपांतील अंतर ठरविले, कितीएकांना क्षेत्रफळ प्रथमच उमगले. परंतु आम्ही ओसरीवरून पाहत होतो आणि मास्तर छत्रीखाली उभे राहून सूचना देत होते. दिवाळीची सुटी लागली तेव्हा पाणी घालायचे कोणी, हे कोणीच ठरविले नव्हते. सुटी संपल्यावर मुले धावत गेली, तो मिरचीची रोपे वाळून काड्या झालेली. एक मुलगी तेथेच रडू लागली. झाडास सुटी नसते, हे आम्हांस तिच्यासमोर कबूल करावे लागले.

यंदा जूनमध्ये पुन्हा प्रारंभ करावयाचा आहे. चार वाफ्यांपैकी एक मास्तरांचा व एक आमचा राहील. सुटीतील पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता आताच भिंतीवर लागला असून त्यात आमचेही नाव आहे. त्या वृद्ध शेतकऱ्यांस आम्ही घरी जाऊन, रोप कसे लावावे ते मुलांस व आम्हांसही दाखवा, अशी विनंती केली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येतो. पण फादर, आधी तुमची चप्पल बाहेर काढलेली बघेन, मग वाफ्यात उतरेन."