मत एका पक्षाला, आमदार दुसऱ्या पक्षात

22 जानेवारी 2022 रोजी गोव्यातले काँग्रेसचे 34 उमेदवार पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी गेले आणि निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली. शपथ घ्यायची वेळ का आली, हे गोव्यात कुणाला सांगावे लागत नाही. 2017 मध्ये 40 पैकी 17 जागा जिंकून काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला होता आणि पाच वर्षांची मुदत संपताना त्याचे दोनच आमदार उरले होते. शपथेवर विश्वास ठेवून मतदारांनी मार्चमध्ये काँग्रेसचे 11 आमदार निवडून दिले. 14 सप्टेंबरला त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. मडगावच्या मतदाराच्या वाट्याला जे आले ते तर विलक्षण होते. तिथे भाजपने महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षातून आलेले उपमुख्यमंत्री मनोहर आजगावकर यांना उभे केले होते. मतदारांनी त्यांना नाकारून काँग्रेसचे दिगंबर कामत निवडले आणि सहा महिन्यांत कामतच भाजपमध्ये गेले. देवाचा कौल आपण पुन्हा घेतला, असे त्यांनी सांगितले. मतदाराचा कौल पुन्हा घेण्याची गरज मात्र कायद्याने त्यांच्यावर टाकलेली नव्हती, आणि माझ्या मते साऱ्या संतापाचे मूळ तिथेच आहे.

1985 साली 52व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले. पक्ष सोडणाऱ्याचे किंवा पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाईल, हा त्याचा गाभा. पण त्यात पळवाटा होत्या. एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानली जाई. ही सवलत 2003 च्या 91व्या घटनादुरुस्तीने काढली. उरली ती चौथ्या परिच्छेदातली ‘विलीनीकरणा’ची सवलत. विधिमंडळ पक्षातले दोन तृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला राजी असतील, तर कुणाचीच आमदारकी जात नाही. आता गोव्यातले आकडे पाहा. मार्च 2019 मध्ये मगोच्या तिघांपैकी दोघे भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या 15 पैकी 10 गेले. 2022 मध्ये 11 पैकी आठ. दर वेळी कायद्याला लागणारा किमान आकडा, त्याहून एकही जास्त नाही. तत्त्वांबद्दलचे मतपरिवर्तन असे मोजून-मापून होत नाही. देशभरचा काँग्रेस पक्ष जिथे होता तिथेच होता, तरी कागदावर तो गोव्यात भाजपमध्ये ‘विलीन’ झाला. 2019 च्या पक्षांतराविरुद्धच्या याचिका सभापतींनी एप्रिल 2021 मध्ये फेटाळल्या. उच्च न्यायालयाने तो निर्णय फेब्रुवारी 2022 मध्ये कायम केला, तेव्हा पुढच्या विधानसभेचे मतदान होऊनही गेले होते.

यातली विसंगती नीट समजून घ्यायला हवी. एखादा आमदार पक्षात राहून, पक्षाच्याच जाहीरनाम्याचा दाखला देत एका विधेयकाविरुद्ध मत देतो, तर त्याची आमदारकी जाऊ शकते. आठ जण मिळून सगळा जाहीरनामाच सोडून देतात, तर त्यांना संरक्षण मिळते. विवेकाने वागणारा एकटा पडतो आणि सौदा करणाऱ्यांना फक्त संख्या जमवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या किहोटो होलोहान निकालात दहावे परिशिष्ट वैध ठरवताना पक्षादेशाचा धाक मर्यादित ठेवायला सांगितले होते. सरकारवरचा विश्वास किंवा ज्या धोरणावर पक्षाने लोकांकडे मते मागितली ते धोरण, एवढ्यापुरताच तो असावा, असा त्याचा आशय होता. म्हणजे पक्षाचे मूल्य कोणते, याची कसोटी न्यायालयानेच सुचवली आहे: मतदारापुढे मांडलेला शब्द. ही कसोटी मला पटते. नेत्याशी मतभेद म्हणजे मूल्यांपासून ढळणे नव्हे. लोकांना दिलेला शब्द फिरवणे म्हणजे ढळणे.

यावर पहिला आक्षेप असा की आपल्याकडे, विशेषतः गोव्यासारख्या छोट्या मतदारसंघांत, लोक माणूस पाहून मत देतात, पक्ष पाहून नाही. हे काही अंशी खरेच आहे. पणजीत मे 2019 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसतर्फे जिंकलेले बाबूश मोन्सेरात जुलैत भाजपमध्ये गेले, तरी 2022 मध्ये पणजीने त्यांना पुन्हा निवडले. पण माणसालाच मत मिळते असा ज्याला विश्वास आहे, त्याने राजीनामा देऊन ते सिद्ध करावे. असे करणारे झालेही आहेत. विश्वजित राणे यांनी 2017 मध्ये काँग्रेससह आमदारकी सोडली आणि वाळपईतून भाजपतर्फे ते पुन्हा निवडून आले. सुभाष शिरोडकर यांनी 2018 मध्ये तेच केले, आणि शिरोड्यात ते अवघ्या 76 मतांनी तरले. साताऱ्यात 2019 च्या मे महिन्यात राष्ट्रवादीतर्फे खासदार झालेल्या उदयनराजे भोसले यांनी सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला, आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी त्यांना 87 हजारांहून अधिक मतांनी हरवले. पुढे 2024 मध्ये त्याच साताऱ्याने उदयनराजेंना भाजपचे खासदार म्हणून स्वीकारले. मतदार कधी माफ करतो, कधी करत नाही. तो अधिकार त्याचा आहे, आणि विलीनीकरणाची वाट नेमका तोच काढून घेते.

दुसरा आक्षेप विकासाचा. सत्ताधारी पक्षात गेल्याशिवाय मतदारसंघातली कामे होत नाहीत, असे जवळजवळ प्रत्येक पक्षांतरित आमदार सांगतो. हे खरे असेल तर तो सरकारवरचा गंभीर आरोप आहे, कारण विरोधी आमदाराला निवडून दिल्याबद्दल लोकांचे रस्ते आणि नळ रोखले जातात, असा त्याचा अर्थ होतो. त्यावर उपाय निधीवाटपाचे नियम बदलण्याचा आहे. शिवाय आमदार विरोधात बसेल, ही शक्यता माहीत असूनच लोकांनी त्याला मत दिलेले असते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: पाच वर्षांनी मतदार हिशेब चुकता करतोच. करतो, हे खरे. 2019 च्या फुटीचे नेतृत्व करणारे चंद्रकांत कवळेकर उपमुख्यमंत्री असूनही 2022 मध्ये केपेत काँग्रेसकडून हरले. पण तोपर्यंत अडीच वर्षे त्यांनी मंत्रिपद भोगले होते आणि विधानसभेतला विरोधी पक्ष नाममात्र उरला होता. त्या काळात संमत झालेले कायदे आणि अर्थसंकल्प त्या पराभवाने रद्द होत नाहीत.

हा एका पक्षाच्या पापाचा हिशेब नाही. राजस्थानात 2019 मध्ये बहुजन समाज पक्षाचे सहाही आमदार काँग्रेसने याच वाटेने घेतले. गोव्यातही मायकल लोबो निवडणुकीच्या तोंडावर भाजपमधून काँग्रेसमध्ये आले होते आणि त्यांचे स्वागतच झाले होते. म्हणूनच उपाय पक्षांच्या शपथांवर सोडता येत नाही. विधी आयोगाने 1999 च्या 170व्या अहवालात फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती काढायला सुचवले होते. न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनर्विलोकन आयोगाने 2002 मध्ये म्हटले की पक्ष सोडणाऱ्याने, एकट्याने असो वा गटाने, राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक लढवावी. पोटनिवडणुकांचा खर्च वाढेल, ही भीती मला फार वाटत नाही. गोव्यातल्या एका मतदारसंघात तीस हजारांच्या आसपासच मतदार असतात, आणि जागा पणाला लागणार हे कळल्यावर पक्षांतरेच कमी होतील. फुटीची सवलत 2003 मध्ये संसदेने काढली, तीही पक्षांतराचा लाभ घेतलेले पक्ष सभागृहात बसलेले असताना. उरलेला चौथा परिच्छेद काढायलाही तेवढीच एक घटनादुरुस्ती लागेल. गोव्यात पुढची विधानसभा निवडणूक 2027 च्या सुरुवातीला आहे. मते मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला देवळातल्या शपथेऐवजी हेच विचारता येईल: तुमचा पक्ष या दुरुस्तीच्या बाजूने आहे का, आणि ती होईपर्यंत पक्ष बदलताना तुम्ही राजीनामा द्याल का?