कर्मणी प्रयोग आणि इंग्रजी ‘पॅसिव्ह’ : एका गल्लतीचा विचार

‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणजे कर्मणी प्रयोग, हे समीकरण मराठी विद्यार्थ्याच्या मनावर शालेय वयातच ठसते. पारिभाषिक शब्द म्हणून ते सोयीचे असले, तरी दोन भाषांतील दोन भिन्न रचना त्यामुळे एकरूप भासू लागतात. या गल्लतीची किंमत विद्यार्थ्याला इंग्रजी लिहिताना मोजावी लागते, आणि पुढे त्याच्या मराठीलाही.

बेंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये ही अडचण विशेष स्पष्ट होते. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव मिळालेल्या या वसाहतीत नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे राहतात. अशा घरातील मूल घरी मराठी बोलते, आवारात कन्नड ऐकते आणि शाळेत इंग्रजी लिहिते. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे घरचे वाक्य. तेच कन्नडात ‘रामनु माविनहण्णन्नु तिंदनु’ असे होते. राम जाऊन सीता आली, की कन्नड क्रियापद ‘तिंदळु’ होते. म्हणजे ते कर्त्यामागे जाते. मराठीत मात्र ‘सीतेने आंबा खाल्ला’, पण ‘सीतेने पोळी खाल्ली’. येथे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. म्हणून आपल्या व्याकरणाने याला कर्मणी प्रयोग म्हटले.

परंतु हे इंग्रजी ‘पॅसिव्ह’ नव्हे. इंग्रजी ‘पॅसिव्ह’मध्ये कर्म हे वाक्याचे उद्देश्य बनते आणि कर्ता ‘बाय’ लावून मागे सारला जातो किंवा अजिबात वगळला जातो. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात राम मागे सरलेला नाही. भूतकाळी ही घटना सांगण्याचा तोच मराठीचा सरळ मार्ग आहे. त्याचे इंग्रजी ‘राम एट द मँगो’ असेच व्हावयास हवे. ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ हे व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले, तरी त्यातील रोख वेगळा आहे.

या गल्लतीचे मूळ इतिहासात सापडते. कर्तरी, कर्मणी व भावे या संज्ञा संस्कृत व्याकरणातून आल्या. ‘रामेण आम्रं खादितम्’ ही रचना संस्कृतात खरोखर कर्मणी होती; तिच्याशेजारी कर्तरी भूतकाळही उपलब्ध होता. मराठीत अशा सकर्मक धातूंपुरता हा पर्याय लोपला आणि कर्मणी रचनाच नित्याची झाली. नाव राहिले, कार्य बदलले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये. प्रयोगविचार हा मराठी व्याकरणातील वादाचा विषय राहिला, यात म्हणूनच नवल नाही. इंग्रजी ‘पॅसिव्ह’ला जवळची मराठी रचना ‘रावण रामाकडून मारला गेला’ ही होय. तिला नवीन कर्मणी म्हणतात. जुन्या मराठीतील ‘कीजे’, ‘दीजे’ या कर्मणी रूपांचा अवशेष आजच्या ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’ यांत उरला आहे.

मराठीला या नव्या रचनेची गरज मुळात कमी भासते. कर्माला पुढे आणावयाचे असेल, तर ‘आंबा रामाने खाल्ला’ असा शब्दक्रम बदलला की पुरते. कर्ता अज्ञात असेल, तर ‘हे घर 1984 साली बांधले’ असे म्हणता येते. इंग्रजीत कर्ता आणि कर्म प्रामुख्याने स्थानावरून ओळखले जातात; त्यामुळे शब्द सहजी हलवता येत नाहीत, आणि ते काम ‘पॅसिव्ह’ला करावे लागते. जेथे कर्म महत्त्वाचे किंवा कर्ता अज्ञात, तेथे ‘पॅसिव्ह’ उचित. जेथे जबाबदार व्यक्ती सांगणे आवश्यक, तेथे ते टाळावे.

अपूर्ण वाक्याची गोष्टही अशीच आहे. ‘काम केलेस का?’ या प्रश्नाला ‘केले’ हे मराठीत संपूर्ण उत्तर आहे. ‘हा माझा भाऊ’ या वाक्यात क्रियापद नाही; कन्नडातील ‘इवनु नन्न तम्म’ या वाक्यातही नाही. दोन्ही पूर्ण आहेत. लिखित इंग्रजीला मात्र सामान्यतः उद्देश्य आणि काळदर्शक क्रियापद ही दोन्ही लागतात. ‘तो आला नाही. कारण पाऊस पडत होता.’ हे मराठीत खपते. इंग्रजीत ‘बिकॉज’ने आरंभलेले गौण वाक्य पूर्णविरामाने तोडले, तर ते अपुरे ठरते. मूल येथे चुकते ते विचार अपुरा असल्यामुळे नव्हे, तर पूर्णतेची कसोटी बदलल्यामुळे. हा भेद न सांगता केवळ लाल रेघ ओढली, तर मुलाला आपली भाषाच सदोष वाटू लागते.

याची उलट बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. इंग्रजी मजकुराच्या अनुवादातून ‘समितीद्वारे निर्णय घेतला गेला’ अशी मराठी रूढ होत आहे. ‘समितीने निर्णय घेतला’ हे वाक्य आखूड आहे, आणि निर्णय कोणाचा हे त्यात आरंभीच कळते. कर्मणी प्रयोग व ‘पॅसिव्ह’ एकच, असे मानणाऱ्याला या दोन वाक्यांतील अंतर जाणवत नाही. ज्याला ते जाणवते, तो इंग्रजीही अधिक नेमके लिहील, आणि मराठी लिहिताना इंग्रजीची पावले मोजत बसणार नाही.