देवाने धाडलेली माणसे

देवाजवळ मार्गदर्शन मागूनही उत्तर मिळत नाही, अशी तक्रार अनेक श्रद्धाळू माणसे करतात. परंतु उत्तर कोणत्या मार्गाने यावे, हेही आपणच ठरवून बसलेलो असतो.

जुन्या करारातील मोशेशी प्रत्यक्ष परमेश्वर बोलत असे. तरीही दिवसभर एकट्याने न्यायनिवाडे करून तो थकू लागला, तेव्हा कामाची वाटणी करण्याचा सल्ला त्याला मिळाला तो सासऱ्याकडून, इथ्रोकडून. आणि मोशेने तो मानला.

आपल्याकडील उदाहरण कवी नारायण वामन टिळकांचे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी त्यांचे काव्यावर व धर्मावर बोलणे झाले. निरोप घेताना त्याने त्यांना बायबल दिले.  टिळकांनी तो ग्रंथ वाचला, विचार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी काही वर्षे कुटुंबाचा वियोगही सोसला.

माझा अनुभव अगदी लहान आहे. वर्गातील एक मुलगा रोज झोपी जाई. रागावून झाले, शिक्षाही करून झाली. मार्ग दाखव, अशी मी प्रार्थना करीत होतो. एके दिवशी शाळेचा वृद्ध शिपाई म्हणाला, "सर, बाप आजारी पडल्यापासून पोरगा रात्री यंत्रमागावर उभा असतो." त्याच संध्याकाळी मी त्या घरी गेलो. पुढे शेजाऱ्यांच्या साहाय्याने मुलाची रात्रपाळी सुटली. शिपायाला हे पूर्वीपासून ठाऊक होते. मी त्याला कधी विचारलेच नव्हते.

मग प्रत्येक सल्ला देवाचाच मानावा काय? मुळीच नाही. सांगणाऱ्याचा त्यात स्वार्थ आहे काय, तो सल्ला सत्याला व दयेला धरून आहे काय, शांतपणे विचार केल्यावरही तो टिकतो काय, हे पाहिलेच पाहिजे. टिळकांनीही गाडीतून उतरताच निर्णय घेतला नव्हता. विश्वास म्हणजे विवेकाला रजा देणे नव्हे.

आमच्या बऱ्हाणपुरात सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी भुयारातून एका कुंडीकडून दुसरीकडे जाते. कोणतीही कुंडी ते पाणी निर्माण करीत नाही. आलेले पाणी ती पुढे जाऊ देते. माणसांचेही तसेच आहे. म्हणून देवाजवळ मागताना शेजाऱ्याचे बोलणेही ऐकावे. आणि आपल्याला ठाऊक असलेली एखादी गोष्ट दुसऱ्याच्या उपयोगी पडणार असेल, तर ती सांगण्यास विलंब लावू नये. कोणी तरी तिच्यासाठीच प्रार्थना करीत असेल.