लहरींची शिस्त : नभोवाणी प्रक्षेपणातील एक मूलतत्त्व

भाईंदर पूर्वेकडील एखाद्या घरात रेडिओ १०७.१ मेगाहर्ट्झवर लावला की आकाशवाणीची एफएम रेनबो वाहिनी ऐकू येते, तर १००.७ वर एफएम गोल्ड. वैशाखातील ऊन असो वा आषाढातील मुसळधार पाऊस, या वाहिन्या आपली जागा सोडत नाहीत. श्रोत्यांना यात काही विशेष वाटत नाही. परंतु सेकंदाला १० कोटी ७१ लाख वेळा होणारे आंदोलन असे स्थिर राखणे, ही सहजसाध्य गोष्ट नव्हे.

वाहक तरंग व विरूपण

मानवी आवाज दूर नेण्यासाठी तो उच्च कंप्रतेच्या वाहक तरंगावर चढवावा लागतो. या क्रियेस विरूपण म्हणतात. मध्यम लहरींवर आवाजानुसार तरंगाची उंची कमी-अधिक केली जाते. एफएम पद्धतीत कंप्रता बदलली जाते व ती मध्यापासून दोन्ही बाजूंस जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ सरकते. येथेच खरा पेच आहे. ज्या तरंगाला आवाजासरशी मुद्दाम हलवावयाचे, त्याचा मध्य मात्र तसूभरही ढळता कामा नये.

फेज लॉक्ड लूप

हा पेच फेज लॉक्ड लूप या मंडलाने सुटतो. फ्रेंच अभियंता आंरी द बेलसीझ यांनी या तत्त्वाचे विवेचन १९३२ मध्ये केले. लेझीम खेळणारा हलगीच्या ठेक्याकडे कान देऊन मागे पडल्यास वेग वाढवतो, पुढे गेल्यास आवरता घेतो. तसेच हे मंडल वागते.

हलगीचे काम क्वार्ट्झचा स्फटिक करतो. समजा, तो १० मेगाहर्ट्झचा आहे. त्यास १०० ने भागले की १०० किलोहर्ट्झचा ठेका मिळतो. प्रक्षेपकातील आंदोलकाची कंप्रता १०७१ ने भागली असता तीही १०० किलोहर्ट्झच यावयास हवी. दोन्ही ठेक्यांची तुलना होते आणि जो फरक आढळेल त्याच्या प्रमाणात आंदोलकाचा नियंत्रक विद्युत्-दाब बदलून चूक दुरुस्त होते. भाजक १०७१ ऐवजी १००७ केला, की तेच यंत्र १००.७ मेगाहर्ट्झवर स्थिरावते.

आवाजाचा संकेत याच नियंत्रक दाबात मिसळतात. मात्र मंडल फार चपळ असेल, तर ते आवाजालाही चूक समजून पुसून टाकील. म्हणून त्याची प्रतिक्रिया बुद्ध्याच मंद ठेवतात. तापमानामुळे होणारे सावकाश विचलन ते सुधारते, आवाजाची जलद आंदोलने मात्र तशीच जाऊ देते.

अंकीय संश्लेषण

१९७१ मध्ये टिअर्नी, रेडर व गोल्ड या संशोधकांनी दुसरा मार्ग मांडला. यात तरंग आकड्यांतून घडविला जातो. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास एक ठराविक संख्या बेरजेत मिळवितात. त्या बेरजेवरून तरंगाची त्या क्षणीची उंची कोष्टकात शोधतात आणि तिचे विद्युत्-दाबात रूपांतर करतात. मिळवावयाची संख्या आवाजानुसार बदलली, की विरूपण आपोआप साधते. घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे व बेरीज ३२ द्विमान अंकांची असल्यास कंप्रता सुमारे ०.०२३ हर्ट्झ इतक्या सूक्ष्म पायऱ्यांनी बदलता येते. मात्र घड्याळाच्या निम्म्याहून अधिक कंप्रता अशा रीतीने सरळ मिळत नाही. म्हणून पुष्कळदा या दोन्ही पद्धतींची सांगड घालतात.

सार्वजनिक हिताचा प्रश्न

एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि लगेच विमानांना मार्ग व धावपट्टी दाखविणाऱ्या संकेतांचा पट्टा सुरू होतो. १०७.१ वरील अस्थिर यंत्र एक टक्कादेखील न ढळता तेथे जाऊन पोहोचेल. मुंबईच्या विमानतळाजवळील भाईंदरसारख्या वस्तीत याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. मालमत्ता सर्वांची, म्हणून तिची शिस्तही सर्वांची.

सामुदायिक रेडिओची दारे २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही खुली झाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’ने ९०.४ मेगाहर्ट्झवर गावाचा आवाज गावाला ऐकविला. असे केंद्र काढू इच्छिणाऱ्या शाळांनी व संस्थांनी रीतसर परवाना घ्यावा आणि स्वस्तातील विनानियंत्रित यंत्राच्या मोहात पडू नये. ग्रामपंचायतींनीही आपल्या हद्दीत याविषयी जागरूक राहावे. आपला आवाज नेमून दिलेल्या जागी राहिला, तरच शेजाऱ्याचा आवाजही ऐकू येईल.