स्वतःचाच रूळ ओलांडणारी गाडी

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनभोवती सगळी सपाट काळी रानं. इथून सुटणारी मीटरगेज गाडी हिंगोली, वाशीम, अकोला मागे टाकून सातपुड्यात शिरायची आणि एका ठिकाणी चक्क स्वतःचाच रूळ ओलांडायची!

ते ठिकाण धूळघाट. वान रोड स्टेशनाच्या पुढे, मेळघाटच्या जंगलात. तिथे रूळ डोंगराला वळसा घालायचा आणि थोड्या वेळापूर्वी ज्या जागेवरून गाडी गेली, तिच्याच डोक्यावरून पुढे जायचा. आकार थेट आपल्या ४ चा, म्हणून लोक त्याला ‘चार का आकडा’ म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी? पोलादी चाक पोलादी रुळाला जेमतेम नाण्याएवढ्या जागेत टेकतं. म्हणून सपाटीवर थोड्या ताकदीत शेकडो टन ओढले जातात आणि म्हणूनच उभ्या चढावर चाकं घसरतात. समजा, ६० मीटर धावल्यावर १ मीटर चढायचं. मग ३० मीटर उंची गाठायला १,८०० मीटर रूळ लागतो. दरीत तेवढी सरळ जागा मिळत नाही, तेव्हा अभियंते ती लांबी वळशात बसवतात.

हीच युक्ती जपानच्या शिकोकू बेटावर सापडते. शिकोकू डोंगराळ, ७७४ साली जन्मलेल्या कूकाई या बौद्ध आचार्यांच्या नावाने तिथे ८८ मंदिरांची सुमारे १,२०० किलोमीटरची परिक्रमा चालते. ३७ वं मंदिर इवामोतोजी कुबोकावा गावात आणि ३८ वं तिथून ८० किलोमीटरहून दूर, आशिझुरीच्या भूशिरावर. कुबोकावाहून त्या दिशेला निघालेली नाकामुरा मार्गावरची गाडी दोन किलोमीटरच्या बोगद्यात, डोंगराच्या पोटात गोल फिरत खाली उतरते.

आपल्याकडेही या वळणावरून यात्रेकरू जात. औंढा नागनाथ १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. नागनाथाचं दर्शन घेऊन ओंकारेश्वर, महाकाल गाठायचं, तर धूळघाटावरून खांडव्याला जाणारी ही वाट जवळची होती. जयपूरची मीनाक्षी एक्सप्रेसही याच रुळांवरून धावायची. दोन देशांतल्या भाविकांना डोंगराने एकच वळसा घ्यायला लावला, याचं नवल वाटल्यावाचून राहत नाही.

पूर्णा ते अकोला २००८ मध्ये ब्रॉडगेज झालं. अकोला–खांडवा मीटरगेज २०१७ मध्ये थांबली आणि नवा मार्ग मेळघाट व्याघ्रप्रकल्पाला वळसा घालून नेण्याचं ठरलं. वाघांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र परभणी, हिंगोली, अकोल्याच्या शाळांनी हा ‘चार का आकडा’ भूमितीच्या आणि विज्ञानाच्या तासाला मुलांकडून कागदावर काढून घ्यावा. डोंगर न फोडता तो कसा चढावा, याचा इतका सुंदर धडा आपल्याच मुलखात आहे. तो विसरता कामा नये.